मामाची जांघ, एकेचाळीस पिना आणि खाडीच्या पाण्याचा कॅन

रविवारी मामाला बघायला गेले, तर पडवीत त्याच्या खुर्चीशेजारी पाच लिटरचा कॅन भरून ठेवलेला. मला वाटलं रॉकेल. नातू म्हणाला, "खाडीचं पाणी. आबांच्या जखमेसाठी." मी चप्पल काढायचीही विसरले.

मामा अडुसष्ट वर्षांचा, साखर बारा वर्षांची आणि बिडी पन्नासेक वर्षांची. मांडीतली रक्तवाहिनी बंद होऊन अंगठा काळा पडायला लागला, तेव्हा गोव्याला नेऊन बायपास केली. त्याच्याच पायातली शीर काढून बंद भागाला वळसा घालून जोडली. जांघेत एक चीर, गुडघ्याच्या आत एक, शीर काढलेल्या जागी आणखी दोन. वरून सगळीकडे स्टेपलरच्या पिना, एकूण एकेचाळीस. त्याने स्वतः मोजल्यात.

या पाण्याचं मूळ म्हणजे त्याच्या फोनवर आलेला एक मेसेज. तो त्याच्या मुंबईच्या पुतण्याने पाठवलेला, म्हणजे शिकलेल्या माणसाने. मजकूर थोडक्यात असा: पिना लोखंडाच्या असतात, अंगात गंजतात आणि रक्तात विष पसरवतात. अमेरिकेच्या संशोधनाप्रमाणे पिनांनी तिप्पट पू होतो, तरी डॉक्टर वेळ वाचवायला त्याच लावतात. म्हणून टाकेच मागा, आणि पिना लावल्याच असतील तर पाचव्या दिवशी घरी काढा. जखम दोन वेळा समुद्राच्या पाण्याने धुऊन हळद आणि करवंटीची राख भरा. एकवीस दिवस आंघोळ नको, भात नको, मासे नकोत. पुढे ऑपरेशनला जायचं असेल तर आदल्या रात्री घरीच ब्लेडने केस साफ करून जा. खाली हात जोडलेले आणि "जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा".

मी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. आयुष्यभरात ड्रेसिंगं किती केली ते मोजलेलं नाही. त्यामुळे आता जरा तोंड सुटलं तर समजून घ्या.

गंजण्याचं आधी संपवते. "पायातलां लोखंड गंजता म्हणे. तू काड बघया ह्यो पिनो," हे मामाचं पहिलं वाक्य. मामा, त्या पिना स्टेनलेस स्टीलच्या. तुझ्या घरातला पाण्याचा पिंप ज्या जातीचा, त्याच जातीच्या. दहा-पंधरा दिवसांत पिंप गंजत नाही. शिवाय पिना अंगात खोल जातच नाहीत, त्या कातडीच्या कडा एकत्र धरून वरवर बसलेल्या असतात. आतले थर विरघळणाऱ्या धाग्याने आधीच शिवलेले असतात. म्हणजे "टाकेच मागा" म्हणणाऱ्याला हे माहीतच नाही की टाके आत आहेत.

आता तिप्पट पू. मेसेजवाल्याला शाबासकी द्यायला जिवावर येतं, पण यात अर्धी गोष्ट खरी आहे. २०१० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सहा चाचण्यांचा, ६८३ जखमांचा एकत्रित आढावा छापून आला. त्यात पिना लावलेल्या जखमांत वरवरच्या जंतुसंसर्गाचा धोका टाक्यांच्या तिपटीहून जास्त निघाला, खुब्याच्या ऑपरेशनांत चौपट. पण ती सगळी हाडांची ऑपरेशनं, आणि बहुतेक चाचण्यांचा दर्जा यथातथाच असल्याचं त्या आढाव्यातच कबूल केलंय. मेसेजमध्ये "हाडांची" हा शब्द गळाला. सिझेरियनमध्येही पिनांपेक्षा टाके बरे, जखम उसवण्याचं प्रमाण कमी, हेही मला मान्य.

मामाच्या पायाशी ज्याचा संबंध आहे असा आढावा वेगळा आहे, तोही २०१० चाच, कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा. हृदयाच्या बायपाससाठी पायातून शीर काढतात, त्या पायाच्या जखमा पिनांनी बंद केल्या काय आणि टाक्यांनी काय, जंतुसंसर्गात फरक पडतो असा पुरावा त्यांना मिळाला नाही. चाचण्या मोजक्याच होत्या, म्हणून "फरक नाहीच" असं छातीठोक म्हणणार नाही. पण "पिनांनी विष पसरतं" याच्या आसपासही ते जात नाही.

धागा म्हणजे सोवळं, अशी जी समजूत आहे तिच्यासाठी एक जुना प्रयोग सांगते. १९५७ मध्ये एलेक आणि कोनेन या दोघांनी स्वेच्छेने तयार झालेल्या माणसांच्या कातडीत पू करणारे स्टॅफिलोकोकाय जंतू टोचून पाहिले. नुसते टोचले तर पू व्हायला जंतू लाखांच्या घरात लागले. तिथेच रेशमाचा धागा ठेवला तर शेकड्यांत भागलं. पीळ दिलेल्या धाग्याच्या फटीत जंतू लपून बसतात. म्हणूनच आता बाहेरून शिवायला बहुतेक नायलॉनसारखा एकसलग धागा वापरतात.

आता त्या कॅनकडे येते. इथे माझा आवाज चढला होता हे मामीने सगळ्या वाडीला सांगितलंच असेल.

मामाचा युक्तिवाद असा: "सुको बांगडो वरीसभर टिकता तो कशान? मिठान ना?" तर मामा, बांगडा टिकतो तो मिठात गाडून वर कडक उन्हात वाळवल्यामुळे. समुद्राच्या पाण्यात मीठ साधारण साडेतीन टक्के. तेवढ्याने जंतू मरत असते तर समुद्रात जंतू राहिलेच नसते. आणि तिथे राहणाऱ्या कित्येकांना थोडंफार मीठ लागतंच. त्यातल्या एकाचं नाव व्हिब्रिओ व्हल्निफिकस. पटकीच्या जंतूचा भाऊबंद. त्याला उबदार आणि निमखारं पाणी आवडतं, म्हणजे नदी जिथे समुद्राला मिळते तसलं, म्हणजेच खाडी. कातडीला चीर असेल तर तो तिथून आत शिरतो आणि मांस कुजवत जातो. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा आकडा आहे की याची लागण झालेल्या दर पाचांतला एक माणूस दगावतो, कधी कधी आजारी पडल्यापासून एक-दोन दिवसांत. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांना धोका जास्त. दर्यावर जाणाऱ्याला हातावर ओरखडा येतो आणि काही होत नाही, हे मलाही ठाऊक आहे, माझं माहेर बंदरावरचंच. पण मधुमेही माणसाच्या, रक्त कमी पडणाऱ्या पायाला एकेचाळीस पिनांची ब्याऐंशी भोकं, आणि त्यावर दिवसातून दोनदा खाडी? त्याच खाडीत होड्यांचं डिझेल, गटारं आणि मासळी साफ केलेलं पाणी.

दवाखान्यात आम्ही सलाइनने जखम धुतो, त्यावरून हे मिठाचं खूळ निघालं असावं. त्यात मीठ ०.९ टक्के असतं आणि ते पाणी निर्जंतुक करून बाटलीत बंद केलेलं असतं. नावापुरतं नातं.

जांघेचं एवढं का घेऊन बसले, तेही सांगते. पायाच्या बायपासमध्ये सगळ्यात जास्त वेळा बिघडते ती जांघेची जखम. तिथे घाम, कातडीच्या घड्या, लघवी-शौचाची जागा जवळ, आणि रसवाहिन्यांचं जाळं कापलं गेलेलं. १९७२ मध्ये सिलाजी नावाच्या सर्जनने या जंतुसंसर्गाच्या तीन पायऱ्या लावल्या: कातडीपुरता, कातडीखालच्या चरबीपर्यंत, आणि तिसरी म्हणजे जोडलेल्या नळीपर्यंत पोचलेला. पहिल्या पायरीवर ड्रेसिंग आणि गोळ्यांत निभावतं. तिसरीवर जोड फुटून रक्ताची चिळकांडी उडू शकते, पाय जाऊ शकतो, माणूस जाऊ शकतो. हळद आणि राख भरली की पहिली पायरी दिसतच नाही. लाली पिवळ्याखाली आणि काळ्याखाली झाकली जाते. घरच्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि चुलीतली राख तर नाहीच नाही. हळद कालवणात घाला, मी कुठे नाही म्हणते.

पाचव्या दिवशी पिना काढणं हा शुद्ध मूर्खपणा. पायाच्या जखमेला, त्यातून रक्त कमी असलेल्या पायाला, दोन आठवडे तरी लागतात, कधी जास्तच. शिवाय पिन काढायचं हत्यार वेगळं असतं. ते पिनेला मधोमध दाबून वाकवतं, मग दोन्ही टोकं सरळ वर येतात. पक्कडीने ओढली तर कातडीसकट येते. मामाच्या उशाखाली पक्कड होती. मी ती पर्समध्ये घालून घरी आणली आहे.

आंघोळीचं एका वाक्यात: उपचारांचे नियम घालून देणाऱ्या इंग्लंडच्या नाइस संस्थेप्रमाणे अठ्ठेचाळीस तासांनी अंगावर पाणी घ्यायला हरकत नाही, बुडून बसायचं नाही, आणि तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर त्याचं ऐकायचं. ब्लेडचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून सांगते आहे की वस्तऱ्याने केस काढू नका, काढायचेच तर क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशीनने, कारण ब्लेडच्या बारीक ओरखड्यांत जंतू घर करतात.

भात आणि माशांनी पू होत नाही. आठ दिवस मामा मुगाच्या पाण्यावर होता आणि मामी डोळे पुसत होती. जखम भरायला प्रथिनं लागतात. आपल्याकडे बाळंतिणीला मोरी माशाचं सार देतात, तिची जखम चिघळावी म्हणून देतात काय? साखर आवाक्यात ठेवून बांगडा खा म्हटलं. भात दोन घास कमी, तो साखरेसाठी.

खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. एवढ्या लांबलचक मेसेजात बिडीचा उल्लेख एकदाही नाही. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला प्राणवायू पोचत नाही, जंतुसंसर्ग वाढतो आणि नवी जोडलेली शीर पुन्हा बंद पडते. पिनांच्या नावाने बोंब मारणारा मामा ऑपरेशननंतर सातव्या दिवशी न्हाणीच्या मागे झुरके मारत होता. वास आला म्हणून कळलं.

जांघेतून स्वच्छ, पिवळसर पाणी झिरपतंय, तेही त्याला पू वाटलं होतं. ती बहुतेक वेळा लस असते, म्हणजे कापल्या गेलेल्या रसवाहिन्यांतून झिरपणारं पाणी. तरीही सर्जनला कळवायचंच, म्हणून फोटो काढून पाठवला. पसरत जाणारी लाली, ताप, दुर्गंधी, वाढतं दुखणं, जखमेची तोंडं उघडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं. आणि लाल रक्त यायला लागलं तर स्वच्छ फडक्याने जोरात दाबून धरायचं, आणि दाब न सोडता गाडीत घालायचं. हे कागदावर लिहून मामाच्या फ्रिजला चिकटवलं आहे. पुतण्यालाही पाठवलं. निळ्या टिचक्या पडल्या, उत्तर नाही.

कॅन मी स्वतः परड्यातल्या माडाच्या मुळात ओतला. बुधवारी पिना काढायला जायचंय. काल रात्री मामाचा फोन आला, मला वाटलं ताप भरला.

"गो बाय, त्यो काडलेल्यो पिनो घराक देतत काय?"