पाठीतलं पाणी काढताना सुई मज्जारज्जूत जाते का?

मोबाइलवर एक संदेश फिरतोय: "पाठीतलं पाणी काढू देऊ नका. सुई थेट मज्जारज्जूत घुसते, मेंदू कोरडा पडतो आणि माणूस कायमचा लुळा होतो." मेंदूज्वराचा संशय असलेलं लेकरू तापाने फणफणत असताना आईवडिलांच्या हातात हा मजकूर पडतो, म्हणून त्याचं सविस्तर उत्तर द्यायलाच हवं.

पाठीतलं पाणी म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवतीचा द्रव. मेंदूज्वर आहे का, हे पाहायला तो थोडासा काढून तपासतात. आधी सुईचं. मज्जारज्जू, म्हणजे मेंदूतून खाली उतरणारा नसांचा जाड दोर, पाठीच्या कण्यात शेवटपर्यंत जातच नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्याभोवतीची आवरणांची पिशवी मात्र पुढे माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीपर्यंत, म्हणजे त्याच्या दुसऱ्या मणक्यापर्यंत उतरते. मधल्या भागात असतं फक्त पाणी, आणि त्यात घोड्याच्या शेपटीसारख्या लोंबणाऱ्या नसा. सुई तिथे जाते. रुग्णाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. डॉक्टर दोन्ही बाजूंची कमरेची हाडं चाचपतात. त्यांच्या वरच्या कडांना जोडणारी रेघ कमरेच्या चौथ्या मणक्याच्या आसपास येते, आणि तिच्या लगतची दोन मणक्यांमधली फट निवडली जाते. तान्ह्या बाळांत मज्जारज्जू थोडा खाली, कमरेच्या तिसऱ्या मणक्याजवळ संपतो, म्हणून त्यांच्यात वरच्या फटी टाळतात.

वाटेत काय लागतं? त्वचा, चरबी, मणक्यांना बांधणारे चिवट बंध, मग ड्यूरा हे जाड, दणकट आवरण. त्याच्या आतल्या बाजूला अ‍ॅरॅक्नॉइड हा पातळ पडदा जवळजवळ चिकटलेलाच असतो. तो ओलांडला की हाताला पटकन सैल पडल्यासारखं जाणवतं, सुईतली तार काढली की थेंब थेंब पाणी येतं. तिसरं आवरण, पाया मेटर, मज्जारज्जूच्या अंगालाच लपेटलेलं असतं, आणि तो तर वरच संपलेला. नसा पाण्यात तरंगत असल्याने सहसा बाजूला सरकतात. एखादीला सुई लागलीच तर पायात क्षणभर कळ जाते, आणि डॉक्टर सुईची दिशा बदलतात.

मेंदू कोरडा पडण्याचं तर गणितच जमत नाही. हे पाणी एकूण सुमारे १५० मिली असतं आणि शरीर दिवसाला जवळपास ५०० मिली नवं तयार करतं. मोठ्यांत तपासणीला १०-१५ मिली घेतात. तेवढं तासाभरात भरून निघतं.

राहिला लुळेपणाचा मुद्दा. त्रास कधीच होत नाही असं मी म्हणणार नाही. उठून बसलं की डोकं ठणकतं, आडवं झालं की उतरतं, असं काहींना काही दिवस होतं. ड्यूराच्या छिद्रातून पाणी झिरपल्यामुळे. बोथट, पेन्सिलसारख्या टोकाच्या बारीक सुईने हे प्रमाण बरंच घटतं. गंभीर धोका वेगळ्याच जागी आहे: डोक्यात गाठ किंवा सूज असून दाब वाढलेला असेल, तर खालून पाणी काढल्यावर मेंदू खाली सरकू शकतो. म्हणून तशी शंका आली की आधी सीटी स्कॅन करतात. रक्त गोठण्याची अडचण असली तर कण्यात रक्त साकळून नसांवर दाब येऊ शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर संमतीपत्रावर सही करण्याआधीच डॉक्टरांना तसं सांगा.