२५ पौंडांचं धनुष्य म्हणजे खेळणं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. इतर वाचकांसाठी थोडक्यात: काकांचा मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे आणि तिथे परवाना काढून त्याला हरणाची शिकार करायची आहे. पहिलं रिकर्व्ह (चाकं नसलेलं, टोकं पुढे वळलेलं धनुष्य) २० ते २५ पौंडांचं घ्या, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढा जोर लागेल असं, हे मी लिहिलं, ते काकांना पटलेलं नाही. तिकडचा कायदाच जास्त ताकदीचं धनुष्य मागतो, पोरगा रोज जिमला जातो, ७० पौंडांचं जुनं कंपाउंड (चाकांचं धनुष्य) स्वस्तात मिळतंय, मग खेळण्यावर पैसे कशाला घालवायचे, असा त्यांचा सवाल. वर, विदर्भात बसून शिकारीचे धडे देणं शोभतं का, हा टोलाही आहे.

आधी टोला घेतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी आहे आणि नुसता प्रयत्नही शिकारच धरला जातो. रानडुकरांनी शेतात कितीही धुडगूस घातला तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय धनुष्य उचलायचं नाही. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला ही जंगलं आपल्या दारात आहेत, म्हणून हे पुन्हा लिहायला मला कंटाळा नाही. नागपुरात बाण मारायचे ते टार्गेटवर. मुलगा जिथे आहे तिथला कायदा वेगळा, तर त्याच्यापुरतं बोलू.

कायद्याचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. तिकडच्या बऱ्याच राज्यांत हरणासाठी किमान ३० ते ४० पौंडांच्या आसपास अट असते. पण ती अट शिकारीला निघण्याच्या दिवसाची आहे, शिकायला सुरुवात करण्याच्या दिवसाची नाही. शिवाय तुम्ही दोन वेगळ्या धनुष्यांचे पौंड एकाच तराजूत घातलेत. कंपाउंडला टोकांवर चाकं असतात. ओढताना मध्ये पूर्ण जोर लागतो, पण दोरी मागे पोचली की चाकं बहुतेक भार स्वतःवर घेतात. या सवलतीला लेट-ऑफ म्हणतात. ८० टक्के लेट-ऑफ असलेलं ६० पौंडांचं कंपाउंड नेम धरताना हातात १२ पौंडच राहतं. रिकर्व्हला ही सवलत नाही. ४५ पौंडांचं रिकर्व्ह शेवटच्या इंचाला सगळ्यात जड होतं आणि तसंच धरून नेम साधायचा असतो.

आता जिमबद्दल. दंडाच्या जोरावर धनुष्य ओढलं जातं हे खरं, पण ते नीट ओढलं जातं पाठीने, दोन्ही खांद्यांची पाती एकमेकांकडे आणून. अंगाला झेपेल त्यापेक्षा जड धनुष्य हातात दिलेला माणूस पाहा. आधी धनुष्य आभाळाकडे जातं. मग डावा खांदा कानाकडे चढतो. मान पुढे येते, कारण दोरी जबड्यापर्यंत येत नाही म्हणून जबडाच दोरीकडे जातो. बोट दर वेळी गालावर वेगळ्या जागी टेकतं, आणि नेम लागायच्या आधीच बाण सुटतो, कारण हात थरथरतोय. असे शंभर बाण मारले की शरीर हेच शिकतं, आणि ही खोड मोडायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

म्हणून सुरुवातीला हलकं धनुष्य, चार-पाच मीटरवर तणशीचा जाड भारा आणि त्यावर टार्गेटचा कागदसुद्धा नको. फक्त बोट जबड्याच्या त्याच कोपऱ्यावर येतं का आणि सुटल्यावर हात मागे सरळ जातो का, एवढंच बघायचं. बाण न लावता दोरी सोडायची नाही, लिंब (धनुष्याचे वाकणारे दोन बाहू) तडकू शकतात. आणि तो सुट्टीत इकडे धनुष्य घेऊन आलाच, तर मे महिन्यात बंद गाडीत ठेवू देऊ नका, आपलं ऊन त्याला सोसत नाही.

आपल्या नागपूरचा कंपाउंड तिरंदाज ओजस देवतळे याने २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण घेतले. ५० मीटरवरून पंधरा बाण, सगळे दहाच्या वर्तुळात, आणि ते वर्तुळ जेमतेम ८ सेंटीमीटरचं. स्पर्धेत कंपाउंडला ६० पौंडांची कमाल मर्यादा सगळ्यांनाच असते, तेव्हा जास्त जोर लावून तिथे कोणी जिंकत नाही.

शिकारीत तर चुकीची किंमत जनावर मोजतं. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, धारदार पातं आतून कापतं आणि रक्तस्रावाने जनावर पडतं. पातं हृदय-फुप्फुसात गेलं तर काही क्षणांत, पोटात गेलं तर तासन्‌तास. ७० पौंडांनी पोटात घातलेला बाण ४५ पौंडांनी फुप्फुसात घातलेल्यापेक्षा वाईटच.

खर्चाचा मुद्दा मात्र रास्त आहे. रिकर्व्हच घ्यायचं असेल तर लिंब बदलता येणारं टेकडाउन घ्यावं. रायझर (मधला मुठीचा भाग) एकदाच घ्यायचा, अंग तयार होईल तसे लिंब बदलायचे. बाणही मग धनुष्याच्या ताकदीला जुळणाऱ्या स्पाइनचे (ताठरपणाचे) लागतात, एवढं लक्षात ठेवा. कंपाउंडच हवं असेल तर ड्रॉ वेट (ओढायला लागणारे पौंड) बरंच खाली आणता येईल असं निवडावं.

ते जुनं ७० चं कंपाउंड साधारण ६० च्या खाली उतरत नाही. त्याहून मोठी अडचण ड्रॉ लेंथची, म्हणजे दोरी किती मागे ओढली जाते त्या मापाची. मुलाला दोन्ही हात आडवे पसरून टोकापासून टोकापर्यंत इंच मोजायला सांगा आणि त्याला अडीचने भागा. ६८ इंच आले तर साधारण २७. आधीचा मालक सहा फुटी असेल तर धनुष्य २९-३० वर लावलेलं असणार, आणि काही मॉडेलमध्ये ते बदलायला वेगळं मॉड्यूल (चाकाला लागणारा सुटा भाग) विकत घ्यावं लागतं. दुकानदाराला त्या धनुष्याची ड्रॉ लेंथ विचारून इथेच कळवा. तोवर बयाणा देऊ नका.