खुलासा : पुण्यात दिसलेला पट्टेरी साप ‘किंगस्नेक’ नसतो

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला साप म्हणजे किंगस्नेक. बिनविषारी, पहिल्यांदा पाळायला उत्तम. दूध द्या, जोडी एकत्र ठेवा.’

किंगस्नेक बिनविषारी आहे, एवढंच खरं. पण तो उत्तर अमेरिकेतला. आपल्याकडे अशा रंगाचा साप मण्यार असू शकतो, आणि मण्यार अतिविषारी. तिचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही, झोपेत तर कळतही नाही. म्हणूनच हा मेसेज मला फार धोकादायक वाटतो. बिनविषारी कवड्याही पट्टेरीच, त्यामुळे नुसतं बघून ठरवू नका. लांब थांबा, वनखात्याच्या १९२६ वर फोन करा. शिवाय आपल्याकडचे साप घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे.

बाहेर देशांत जे किंगस्नेक पाळतात, ते एका पेटीत एकच ठेवतात, कारण तो दुसरे सापही गिळतो. खायला मेलेले उंदीर, प्यायला पाणी. दूध कुठल्याच सापाचं अन्न नाही.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.