गंजत चाललेल्या पाइपाचं उरलेलं आयुष्य म्हणे 14.37 वर्षं
दर वेळी तेच! पाइपच्या जाडीची रीडिंग अर्धवट, पाण्यात गंज वाढवणारं क्लोराइड किती ते माहीत नाही, तापमान कुठल्यातरी जुन्या फाइलमधून उचललेलं, आणि सॉफ्टवेअरने 14.37 वर्षं सांगितलं की तो आकडा रिपोर्टात टाकून सगळे मोकळे. अरे, दशांशानंतरचे दोन आकडे आले कुठून? अल्ट्रासोनिक गेजने, म्हणजे ध्वनिलहरींनी जाडी मोजणाऱ्या यंत्राने, मोजताना 0.1-0.2 मिमी इकडचं तिकडे सहज होतं, मग गंजायचा वेगच वर्षाला 0.1 मिमी असेल तर वर्षभराच्या अंतराने घेतलेल्या दोन रीडिंगमधून काय डोंबल कळणार? शिवाय गंज सगळीकडे सारखा धरतात, आणि पाइप गळतो तो पिटिंगच्या एका टाचणीएवढ्या खड्ड्यातून, नाहीतर इन्सुलेशनखाली, जिथे कुणी बघतच नाही. 1967 साली अमेरिकेत सिल्व्हर ब्रिज हा पूल कोसळला, 46 माणसं गेली, एका आयबारमधल्या (पूल तोलून धरणाऱ्या पोलादी पट्टीतल्या) जेमतेम 2.5 मिमी खोल भेगेमुळे! सॉफ्टवेअरवर राग नाही माझा, ते दिलेल्या आकड्यांवर गणित करतं. पण किमान-कमाल दोन्ही लिहा म्हटलं की "क्लायंटला एकच नंबर हवाय" हे उत्तर, आणि तिथे माझं डोकं फिरतं. त्या पाइपाजवळ माणसं काम करतात हो!