फ्लॅटफर्डची नदी 'अस्पर्शित' नाही

'फ्लॅटफर्डला स्टूर नदी आजही निसर्गाने घडवली तशीच वाहते' हे इंग्लंडमधल्या फ्लॅटफर्ड या खेड्यावरच्या लेखातलं वाक्य खटकलं. स्टूर हा अठराव्या शतकात चक्क मालवाहतुकीचा रस्ता होता! १७०५च्या कायद्याने सडबरीपासून मॅनिंगट्रीपर्यंत ती नौकानयनासाठी बांधून काढली. लॉक (पाण्याची पातळी वर-खाली करून नाव पुढे नेणारे दरवाजे) आले, काठाने घोड्यांची वाट आली. घोडे ओढत नेत त्या सपाट बुडाच्या नावांतून पीठ खाली जायचं, कोळसा वर यायचा. वाट मध्येच पलीकडच्या काठावर जायची, तेव्हा घोड्याला नावेच्या पुढच्या टोकावर उडी मारून पार व्हावं लागे. गुरं भटकू नयेत म्हणून वाटेत आडवी घातलेली कुंपणंही तो उडी मारून ओलांडायचा. चित्रकार जॉन कॉन्स्टेबलच्या १८२५च्या चित्रातला उडी मारणारा घोडा तोच. हौशी घोडेस्वारी नव्हे, रोजची हमाली!

आणि कॉन्स्टेबल म्हणजे कोणी बाहेरून आलेला निसर्गवेडा नव्हे. फ्लॅटफर्डची गिरणी त्याच्या वडिलांची, नावा त्यांच्याच. १८१५च्या चित्रात नाव बांधली जातेय ती कोरडी गोदीही घरचीच. मागे मॅनिंगट्री स्टेशनवरून कुरणांतून चालत तिथे गेलो होतो. सगळे कॉन्स्टेबलच्या चित्रांतून गाजलेल्या विली लॉटच्या घरासमोर फोटो काढण्यात दंग, आणि गोदीच्या त्या खड्ड्याकडे ढुंकूनही कोणी बघत नव्हतं (पहिल्या फेरीत मीही नाही, खोटं कशाला बोलू). लेखात घराला तीन परिच्छेद आहेत. गोदीला निदान एक ओळ हवी होती.