बरोबरी म्हणजे भित्रेपणा? सोचीचे डाव आधी पाहा

‘बर्लिन बचाव म्हणजे संगनमताची बरोबरी. आठव्या चालीला वजीर गेले की डाव संपला. खरे विजेते बरोबरी करत नाहीत. मुलाने बरोबरी केली तर ती हारच समजा आणि तसं त्याला सांगा.’ मुंबईतल्या बुद्धिबळ-पालकांच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. (बर्लिन बचाव म्हणजे काळ्याची डाव सुरू करण्याची एक पद्धत; तिच्यात दोघांचे वजीर बहुधा लवकर पटावरून जातात.) मुलुंडच्या माझ्या बहिणीने तो वाचला आणि लेकीला सुनावलंसुद्धा. म्हणून लिहितेय.

वजीर गेले की डाव संपतो? २०१४ ची, रशियातल्या सोचीची विश्वविजेतेपदाची लढत उघडा. सातवा डाव, तेव्हाचा विश्वविजेता कार्लसन पांढरा, आव्हान देणारा आपला आनंद काळा, बर्लिन. काळ्या राजाचं कॅसलिंग (हत्तीच्या आड सुरक्षित जायची चाल) गेलेलं, प्यादी दुहेरी, म्हणजे एकाच पट्टीत एकामागे एक अडकलेली. पुढे आनंदने दोन प्याद्यांसाठी उंट दिला आणि शेवटी हत्ती-घोड्यासमोर एकट्या हत्तीने डाव तोलून धरला. १२२ चाली! याला भित्रेपणा म्हणणाऱ्याने तो डाव एकदा पटावर मांडून बघावा. अकरावा डावही बर्लिनच, तोही वजीर गेल्यावरच रंगला. कार्लसनने तो जिंकून विजेतेपद राखलं. संगनमत कुठे दिसलं?

हो, त्याच लढतीतला नववा डाव वीस चालींत, त्याच त्या चाली करून बरोबरीत सुटला. असे डाव होतात आणि बघणाऱ्याची निराशा होते, हे मान्य. म्हणूनच काही स्पर्धांत ठरावीक चालींआधी बरोबरीचा प्रस्ताव मांडायला बंदी असते. पण त्यावरून अख्ख्या बचावाला नावं ठेवायची?

‘खरे विजेते’ म्हणे. गुकेश २०२४ मध्ये विश्वविजेता झाला, त्या चौदा डावांपैकी नऊ बरोबरीत सुटले. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ चा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा अंतिम फेरीचे दोन्ही क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीतच होते.

आणि मुलांना रागावण्याबद्दल. भाचीकडे नुसता राजा उरला होता, समोरच्याकडे राजा आणि अगदी कडेच्या पट्टीतलं एक प्यादं. तिने राजा धावत नेऊन प्याद्यापुढचा कोपरा गाठला. तिथून त्याला कोणी हुसकावू शकत नाही; प्यादं पुढे रेटलं की राजाला चालच उरत नाही, डाव बरोबरीत. हे तिला क्लासमध्ये शिकवलं होतं आणि घड्याळात थोडे सेकंद उरलेले असताना तिला ते आठवलं. हरलेल्या डावातून अर्धा गुण काढून आलेल्या पोरीला घरी बोलणी बसली. ताई, तिला आज सांग की ती छान खेळली. आणि तो मेसेज ज्या ज्या ग्रुपवर टाकलास, तिथे हेही टाक.