करवंटी चुलीत, काजूचे टरफल नको: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

न्हाणीच्या चुलीत करवंट्या, सोडणे (नारळाची वरची तंतुमय साले) आणि शेतीतला इतर टाकाऊ माल जाळून पाणी तापवण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप चार आहेत: स्पेनमध्ये ऑलिव्हच्या बिया जाळून घरे उबदार ठेवतात हे उदाहरण गोव्यात गैरलागू आहे, धूर शेवटी घरातल्या बाईच्याच छातीत जातो, काजूची टरफले मुबलक असताना मी ती वगळली, आणि जे मातीत जायला हवे ते मी विस्तवात घालायला सांगतो.

पहिला आक्षेप लवकर निकालात काढता येईल. गोव्यात घर तापवण्याची गरज कोणालाच नाही. स्पेनचे उदाहरण मी दिले ते यंत्रासाठी. तिकडे ऑलिव्हच्या बिया किंवा बदामाची टरफले वाळवून, पंख्याने हवा देत, बंद भट्टीत जाळतात आणि धूर धुराड्यातून बाहेर काढतात. तीन दगडांच्या चुलीत तोच माल घातला तर तो धुमसत राहतो. फरक इंधनात कमी आणि हवेच्या पुरवठ्यात जास्त आहे.

धुराचा आक्षेप मात्र गंभीर आहे. घरातल्या प्रदूषित हवेमुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यामुळे जुनी चूल म्हणजे सगळे चांगलेच, असे मी कधीही म्हणणार नाही. करवंटीचा बराचसा भाग तापल्यावर वायुरूप होतो. त्या वायूला पुरेशी हवा मिळाली तर ज्योत मिळते, नाही मिळाली तर धूर. म्हणून खाली लोखंडी जाळी, वर धुराडे आणि कोरडा माल या तीन गोष्टी असल्याशिवाय करवंट्या पेटवू नयेत. सोडण ओले असेल तर आधी त्यातले पाणी उडवण्यातच उष्णता खर्च होते, आणि डासांना पळवण्यासाठी आपण ज्याची मुद्दाम धुरी करतो तो हाच पदार्थ आहे, हे विसरून चालणार नाही. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, बेगमी करताना करवंट्या मे महिन्यातच पत्र्याखाली किंवा माळ्यावर जायला हव्यात. जूननंतर वाळवू म्हणणाऱ्याने सरळ गीझर लावावा.

गीझरचा हिशेबही आपण मागितला आहे. १५ लिटर पाणी १५ अंशांनी तापवायला २२५ किलोकॅलरी, म्हणजे पाव युनिटपेक्षा किंचित जास्त वीज पुरते. एक किलो कोरड्या करवंट्यांत सुमारे ४५०० किलोकॅलरी असतात. उघड्या चुलीत त्यातला दहावा हिस्सा पाण्याला मिळतो असे धरले तर एका बादलीला अर्धा किलो, म्हणजे चार-पाच नारळांच्या करवंट्या लागतात. चिखलात बसवलेले भाण (पाणी तापवायचे मोठे भांडे) आणि नीट जाळी असेल तर दोन-तीन नारळांत भागू शकते. पैशांची बचत हा माझा मुद्दा नव्हताच. सौर बंब उत्तम, पण आपल्याकडे ऊन पावसाळ्यात दडी मारते आणि गरम पाण्याची निकड तेव्हाच जास्त भासते. पणजीजवळच्या ताळगावच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला माझा लेख निरुपयोगी आहे, हे मान्य. तो माडांच्या बागेत न्हाणी असलेल्या घरांसाठीच होता.

आता काजू. टरफलात साधारण २० ते ३० टक्के तेल असते आणि त्यातला मुख्य घटक कातडी भाजणारे ॲनाकार्डिक आम्ल आहे. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उतलेली कातडी ज्याने पाहिली आहे, त्याला अधिक सांगायला नको. घरी अंगणात काजू भाजताना भडका उडतो तेव्हा आपण मुलांना वाऱ्याच्या उलट बाजूला पाठवतो, तोच धूर बंद न्हाणीत कोंडला तर डोळे, घसा आणि त्वचा यांचे काय होईल? शिवाय न जळलेले तेल धुराड्यात चिकट काजळी होऊन साचते आणि ती कधीही पेट घेऊ शकते. तेल काढून उरलेली पेंड कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जळते, कारण तिथे तापमान आणि हवा दोन्हींवर नियंत्रण असते. टरफले तेल काढणाऱ्यांना विकावीत. फुकट मिळते म्हणून ते इंधन ठरत नाही.

मातीविषयी आपण लिहिलेत ते सोडणांपुरते मला पटते. माडाच्या आळ्यात सोडणे पुरली की ती ओलावा धरतात, आणि ज्याच्याकडे माड आहेत त्याने आधी तेच करावे. पण करवंटी कुजायला वर्षानुवर्षे लागतात आणि तोवर तिच्यात पाणी साचून डासांची पैदास होते. भाताचा कोंडा, म्हणजे तूस, घरच्या चुलीला झेपत नाही. त्यात १५ ते २० टक्के राख असते, तो दाटून बसतो आणि हवा कोंडतो. उकड्या तांदळाच्या गिरण्यांनी तो जाळावा, तेच ठीक. चुडते (माडाच्या सुकलेल्या झावळ्या) आणि पाला अंगणात ढीग करून पेटवण्याची सवय तर मला चुलीपेक्षा अधिक घातक वाटते. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच मनाई केली असून साध्या प्रकाराला ५००० रुपये दंड आहे, तरी डिसेंबर उजाडला की संध्याकाळी गावोगाव धुराचा थर दिसतोच.

राखेबद्दल आपण शेवटी विचारले आहे. करवंटीची राख थोडीच निघते, पण तिच्यात पालाश असतो, म्हणून थंड झाल्यावर ती माडाच्या आळ्यात घालता येते. मात्र विस्तव पेटवायला दुधाची पिशवी वापरली असेल, तर ती राख झाडांना घालू नये आणि तिने भांडीही घासू नयेत.